आपला गोटा आपण ठेवायचा

ही गोष्ट रात्रीची नाही. अमावस्येची तर मुळीच नाही.

मागच्या वर्षी, संक्रांत होऊन गेल्यावरचा दुसरा रविवार. भर दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातल्या बपेऱ्याच्या पुढे, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून टेकड्या आहेत, तिथे घडलेली. जिच्यासोबत घडली ती डिंपल माझी मावसबहीण. थापा मारायचा तिचा स्वभाव नाही. उलट भुताखेताचं कोणी बोललं की हसण्यात तीच पहिली असायची.

आता हसत नाही.

डिंपलला वनरक्षक व्हायचं होतं. लेखी परीक्षा ती दोनदा पास झाली होती. अडत होतं ते चालणं. मुलींना चार तासांत सोळा किलोमीटर. आधीच्या भरतीत ती चार मिनिटांनी हुकली होती. का? तर मैत्रीण मनाली मागे राहिली म्हणून ही दर फर्लांगाला मान वळवून बघत बसली. दोघीही बाद झाल्या. घरी आजोबा तुलाराम आणि आई शकुंतलाबाई, दोघांचं पोट दीड एकर धानावर. ही भरती हुकली की वय संपणार होतं.

म्हणून दोघींनी नियमच केला होता. चालताना बोलायचं नाही. मागे वळून बघायचं नाही.

सराव भर उन्हात आणि चढउताराचा. डांबरी रस्त्याने सहा किलोमीटर, मग खोलनाल्याच्या घळीतून तीन, मग पलीकडच्या सडकेने घरी.

या घळीच्या दोन्ही तोंडांशी दगडांचे ढीग आहेत. त्यांना गोटेदेव म्हणतात. आत जाणारा एक दगड या ढिगावर ठेवतो, पलीकडे निघाला की एक त्या ढिगावर. मोहफुलं वेचणाऱ्या बाया, गुराखी, सगळे ठेवतात.

निघण्याआधी आजोबांनी बजावलं होतं.

"आपला गोटा आपन ठेवाचा, पोरी. जाताना एक, निघताना एक. दुसऱ्याच्या नावानं ठेवाचा नाही."

"काहून, आबाजी?"

"नाही ठेवत. एवढंच."

डिंपलने मान डोलावली. म्हाताऱ्यांच्या गोष्टी, या कानाने ऐकायच्या आणि त्या कानाने सोडायच्या.

बाराच्या सुमारास दोघी घळीच्या तोंडाशी पोहोचल्या. मनालीच्या उजव्या बुटाचा सोल सुटला होता. गेले दोन किलोमीटर मागून एकच आवाज येत होता... फट्... फट्... फट्.

डिंपलने आपला दगड ठेवला.

"तू हो ना पुढं," मनाली धापा टाकत म्हणाली. "मी ठेवून येऊनच राहिली."

डिंपल आत शिरली. वळण घेतलं.

थोड्या वेळाने मागून आवाज आला.

फट्... फट्... फट्.

आली बाई, असं मनाशी म्हणत तिने वेग वाढवला.

घळ अरुंद. दोन्ही बाजूंना काळे कातळ, वर साग आणि बांबू. तळाशी सागाच्या वाळल्या पानांचा ढीग. पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा.

पहिला किलोमीटर छान गेला.

मग तिच्या लक्षात आलं की पाखरं बोलत नाहीत. बाहेर सातभाई नुसता कलकलाट करत होते. इथे एकही नाही.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली.

पानं मोडत होती... फक्त तिच्याच पायांखाली.

मागून फट्-फट् येत होतं. अगदी दहा-बारा हातांवरून. पण पान एकही वाजत नव्हतं.

तिने स्वतःची समजूत घातली. मनाली कडेच्या दगडांवरून चालत असेल. सुटलेल्या सोलमध्ये पानं अडकतात ना.

वळून बघावं असं फार वाटलं. पण मागच्या वेळची ती चार मिनिटं आठवली आणि मान सरळच राहिली.

अर्ध्या वाटेवर ती दोन घोट पाणी प्यायली. मैत्रिणीलाही तहान लागली असेल, म्हणून चालता चालताच बाटली खांद्यावरून मागे धरली. सरावात दोघी नेहमी असंच करायच्या.

क्षणभर काहीच नाही.

मग बाटली... घेतली गेली.

बरं वाटलं तिला. किती बरं वाटलं म्हणून सांगू! आपण उगाच घाबरलो म्हणून ती स्वतःवरच हसली. थोड्या वेळाने बाटली परत तिच्या हातात आली.

पाणी होतं तेवढंच होतं. झाकण उघडलेलंच नव्हतं.

आणि बाटलीला ओला चिखल लागला होता. त्या कोरड्या नाल्यात दिवाळीपासून पाण्याचा थेंब नव्हता.

ती पळत सुटली. चालण्याच्या परीक्षेत पळणं बाद असतं. पण त्या घडीला परीक्षा कोणाला आठवते?

मागचा आवाज पळाला नाही. तसाच सावकाश येत राहिला... फट्... फट्... आणि तरीही तेवढ्याच अंतरावर.

समोर उजेड दिसला. सडक दिसली. गोटेदेवाचा ढीग दिसला.

उन्हात आल्याबरोबर माणसाला धीर येतो. डिंपलला आला. मनात आलं, पाठीमागे मनालीच आहे, दुसरं कोण असणार? चिखलाच्या खड्ड्यात पडली असेल बिचारी, म्हणून बोलत नसेल. तिने घाईघाईने दगड उचलून ढिगावर ठेवला.

मग दुसरा उचलला.

मनालीला वाकायला नको. तेवढंच तिचं एक मिनिट वाचेल. चांगल्या मनानेच ठेवला हो तिने. मनात नावही घेतलं नाही. फक्त म्हटलं, मागे आहे तिचा.

दगड ठेवला... आणि मागचा आवाज थांबला.

त्याच वेळी फोनला रेंज आली. मनालीचे सात मिस्ड कॉल. डिंपलने फोन लावला.

"कुठी आहेस व तू?" मनाली रडकुंडीला आली होती. "किती हाका मारल्या तुले! गोटा उचलताना पाय मुरगळला माया. मी तर आतच आली नाही. सुखरामकाकाच्या गाडीवर बसून घरी आली. दहा मिनिटं झाली."

डिंपल उभीच राहिली.

फट्... फट्... फट्.

आवाज तिच्या अगदी बाजूने गेला. कानाला गार वारा लागला. सडकेवर कोणीच नव्हतं. आवाज तेवढा पुढे गेला, बपेऱ्याच्या दिशेने.

तिच्या घराच्या दिशेने.

घरी पोहोचली तेव्हा आजोबा अंगणात बसले होते. तिचा चेहरा बघून त्यांनी एकच विचारलं.

"किती ठेवले?"

"दोन."

म्हाताऱ्याने आधी सडकेकडे बघितलं. मग म्हणाला, "कोनाले काढलं व पोरी तू बाहेर..."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई सडा टाकायला उठली. उंबरठ्यावर, मधोमध, एक दगड होता. काळा, गोल, ओला. तसे गोटे फक्त खोलनाल्यात असतात.

"हात लावू नोका," आजोबा म्हणाले. "आत जाताना ठेवला आहे त्यानं."

महिन्याभराने भरती झाली. मनालीचा पाय बरा झाला नव्हता, ती गेलीच नाही. डिंपल गेली. नवे बूट, डांबरी रस्ता, सोबत शेकडो मुली. तरी पहिल्या किलोमीटरपासून तिला मागून तोच आवाज ऐकू येत होता, खरा की भास, तिलाच कळेना. तिने सोळा किलोमीटर एकदाही मागे न बघता काढले. तीन तास अठरा मिनिटं. गावात पेढे वाटले. पोरीने मेहनत केली, असं सगळे म्हणाले.

ती आता पवनी तालुक्यात नोकरीवर आहे, आसगावकडे खोली घेऊन. तिथे आवाज येत नाही. एकदाही आला नाही.

रोज सकाळी ती आईला फोन लावते. तब्येत नंतर विचारते. आधी हेच.

"आई, उंबरठ्यावर दुसरा गोटा दिसला का?"

"नाही व. एकच आहे."

एकच आहे, म्हणजे ते अजून बाहेर निघालेलं नाही. आई आणि आबाजींसोबत त्याच घरात आहे. डिंपलने दोघांना आसगावला चला म्हणून किती विनवलं. आबाजी ऐकत नाहीत. म्हणतात, आम्ही निघालो तर ते मागं मागं तुयाकडं येईन.

परवा ती माझ्याजवळ बोलली, मान खाली घालून. म्हणाली, "दादा, एकच आहे म्हणून आई सांगते ना, तं मले पहिले बरं वाटते."

मग खूप वेळ रडली.

दिवाळीला मावशीकडे जाऊन आलो. तो गोटा मी पाहिला आहे. तुमसरला पाऊस नाही, अंगणात धूळ उडते.

तो अजून ओला आहे.