कोटाखालचा पाव

दुकानात हातभर लांबीचा एकच पाव उरला होता, आणि त्याच्या दोन टोकांवर दोन हात एकदमच पडले. एक रुगायाचा. दुसरा मागच्या गल्लीतल्या शिंप्याच्या इगसानचा. आजवर तो तिला नुसता लांबूनच दिसायचा.

"सोड की!"

"का? तुझं नाव लिहिलंय त्याच्यावर?"

एरवी तिनं त्याची सालटी काढली असती. जीभ काही कमी नव्हती पोरीची. पण आज ती विनवू लागली. "आईसाठी हवाय रे... बाबा गेल्यापासून घासभर खाते नि ताट सरकवते. पार वाळून गेलीय. दर शुक्रवारी बाबा असा पाव भरून आणायचे. मागल्या शुक्रवारी मी केला, तर म्हणते — हा त्यांचा नाही."

इगसाननं हात काढला. "काय काय घातलंस?"

"सगळं! मसाल्याचं मटण, बटाट्याचे जाड तळलेले चिप्स, सिरका, लोणचं. गरमागरम पुढ्यात ठेवला."

"आणि बाबा कुठून आणायचे?"

"मासळी तळतात ना, त्या दुकानातून. तिथंच कामाला होते. कागदात गुंडाळून, कोटाखाली धरून चालत यायचे."

"मग बाई, तू चालायचंच विसरलीस! चालताना कागदातल्या वाफेत चिप्स मऊ पडायला नकोत? सिरका पावात उतरायला नको? गुंडाळ नि कोपऱ्यावर ये. मी थांबतो."

"तू कशाला?"

"वाऱ्यानं पाव उडाला तर... धरायला."

केपटाऊनचा वारा भलता आगाऊ. संध्याकाळी तो रुगायाचा स्कार्फ ओढत होता. कोटाखाली पावाची ऊब, पण डोक्यात एकच. आजही आईनं सरकवला तर? बाबांमागोमाग आईही... छे, पुढचं तिला मनात आणवेना.

"घाबरलीस?" कोपऱ्यावर थांबलेल्या इगसाननं विचारलं.

"हो."

तो वाऱ्याच्या बाजूला येऊन चालू लागला. "मीही. कधीपासून तुझ्याशी बोलायचंय... आणि बोललो काय, तर चिप्सबद्दल!"

तिला हसू फुटलं, नि हसल्याबद्दल स्वतःचाच राग आला.

घरी आईनं कागद सोडला. सिरक्याचा वास घरभर झाला. एक घास... मग नुसतीच बसून राहिली. रुगाया तिच्या हाताकडे बघत राहिली. मग दुसरा घास. तिसरा. तुकडा संपवून आईनं बोटं चाटली, डोळे पुसले नि दाराकडे बघून खेकसली, "तो कोण उंबऱ्यात? आत ये मेल्या, वारा येतोय!"

"सलाम, आँटी," इगसान पुटपुटला.

आईनं त्याला नखशिखांत न्याहाळलं नि दुसऱ्या तुकड्याला हात घातला. "बरा झालाय. पण अजून जरा मुरायला हवा होता. पुढच्या शुक्रवारी लांबच्या रस्त्यानं या दोघं."