साठ हजार पाच टन

डिचोलीच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात प्लग एकच, तोही कोपऱ्यातल्या टेबलाखाली. बाहेर पाऊस कोसळत होता, म्हापशाच्या बसला वेळ होता, म्हणून सुविधा तिथे लॅपटॉप लावून बसली. तेवढ्यात त्याच प्लगसाठी कोणीतरी वाकलं... आणि ते वाकलेलं डोकं तिच्या स्क्रीनसमोर थबकलं.

“ह्या चिनी लोकांक लाख कोणी शिकयलो?”

“आणि दुसऱ्याच्या स्क्रीनीत डोकावूक तुमका कोणी सांगल्यान?”

“चार्जर लावूक वाकलंय. नदर गेली.”

तो गौरेश, साखळीचा. चिनी भाषा शिकून आलेला आणि सध्या घरी बसून भाषांतरं करणारा. ती चोपड्याची, डिचोलीत नारायणबाबांच्या ऑफिसात कच्च्या नोकरीवर. तिथून चीनला जाणाऱ्या खनिजाची कागदपत्रं निघत. जहाजात भरलेलं वजन चिनी अक्षरांत लिहून देणारा प्रोग्राम तिने बनवायचा होता. जमलं तर चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, नोकरी पक्की. नाही तर घरी स्थळं बघणारी माणसं तयारच होती.

सुविधाने आकडा मोडला होता आपल्या रीतीने, आधी हजार, मग लाख, मग कोटी. लहानपणी पाढ्यांबरोबर पोटात गेलेली सवय ती, तिच्यात चूक दिसणार कशी?

“लाख थंय चालना नाय,” गौरेश म्हणाला. “त्यांचो मुक्काम धा हजाराक. थंयसून परत पयल्यापासून मोजूचा.”

तिने दुरुस्ती केली. अक्षरं बदलली, आणि तो स्क्रीनकडे बघून नुसता हसला. त्या हसण्यात शाबासकी होती हे तिला बसमध्ये बसल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. चुकून आलोय असा चेहरा करून... आणि त्या दिवशी दुसरी चूक दाखवून गेला. मग तिसऱ्या दिवशी तिसरी. रोज एक. मध्ये दोघांत एक मिरचीभजी आणि दोन चहा. ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. तो बोलायला लागला की ती मान खाली घालून टाइप करायची, पण टाइप केलेलं बहुतेक वेळा घरी जाऊन पुसावं लागे.

“आता सगळा बरोबर आसा?” एका संध्याकाळी तिने विचारलं.

“आजच्यापुरता बरोबर.”

“म्हंजे?”

“म्हंजे फाल्यां परत येतलंय.”

उद्या परत येणार, हे ऐकून ती लाजली. लाजताना माणूस नको तेवढं ऐकतो आणि हवं ते सोडून देतो, तसंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणबाबांनी घाई केली, चीनला पोचलेल्या जहाजातला माल उतरवायला कागद हवा होता. सुविधाने विश्वासाने वजनाचा दाखला छापून दिला.

साठ हजार पाच टन.

आपण साठ हजार पाच म्हणतो आणि पुढे जातो. चिनीत मधली घरं रिकामी असली तर तिथे शून्य म्हणावंच लागतं. ते गाळलं की वाचणारा वाचतो, पासष्ट हजार. दाखला मेलने तिकडे पोचला आणि खरेदीदाराने तासाभरात माल उतरवणंच थांबवलं. बाकीचे पाच हजार टन कुठे आहेत, हा त्याचा एकच प्रश्न.

नारायणबाब ओरडले नाहीत. “चेडवा, चवथीनंतर दुसरा कायतरी बघ,” एवढंच म्हणाले.

त्याच संध्याकाळी ती हॉटेलात आली तेव्हा गौरेश आधीच बसला होता. तिने सगळं सांगितलं, आणि शेवटी त्यालाच धीर द्यावा तशी म्हणाली, “जावंदे. आपल्या दोघांच्याय नदरेतसून सुटला.”

गप्प बसला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. तिने त्याला कधीच दोष दिला नसता.

“माज्या नदरेतसून सुटूक नव्हता,” तो म्हणाला.

तिने उचललेला चहा परत टेबलावर ठेवला.

“सगळ्यो चुको पयल्याच दिसा दिसल्यो. एकदम सांगल्यो आसत्यो तर... दुसऱ्या दिसा कित्या निमतान इलो आसतो? दाखलो इतक्या बेगीन छापतले, माका वाटूक नाय. दुपारी बाजारात आयकला आणि चूक माजी म्हणून सांगूक नारायणबाबांकडे जावन इलंय. ते म्हणाले, पगारार ती होती, तू न्हय.”

सुविधाला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि रागाखाली दुसरंही काही होतं, म्हणून तो राग जास्तच जळजळला.

“आणि काय काय राखून ठेवलंस?”

“तैवानाक नोकरी गावली. चवथ झाली की जातलंय. दोन वर्सां. आणि... तू माका आवडतंस.”

बाहेर कंडक्टर म्हापसा म्हापसा करत होता. ती उठली.

“चवथीच्या दुसऱ्या दिसा चोपड्याक ये. बाबा विचारतले, नोकरी कशी गेली. ता तू सांग.”

तो आला. कृष्णनाथ, म्हणजे तिचे बाबा, पाहुण्यांच्या गराड्यात बसले होते. गणपतीच्या वर बांधलेल्या लाकडी माटोळीला सुपाऱ्यांचे घोस, काकड्या, नीरफणस टांगलेले. साऱ्या नातलगांसमोर गौरेशने काही न वगळता सांगितलं. एक काकी कुजबुजली, तिला दुसरीने गप्प केलं.

“इतक्या लोकांत सांगूची गरज नव्हती,” बाबा म्हणाले.

“होती,” सुविधा दारातून म्हणाली. घरातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या आणि त्या एका शब्दात काय ते सगळ्यांना समजलं.

ती त्याला नदीपर्यंत सोडायला गेली. शापोरेचं पाणी गढूळ, भरलेलं होतं. होड्या काठाला बांधून ठेवल्या होत्या.

“सुविधा, काय तरी बोल.”

“माका तुजो राग आसा.” तिने पाण्याकडे बघतच सांगितलं. “तू थंय जावन माका विसरशीत, ह्याची भिती आसा. आणि... तू जाव नये, असा वाटता.”

“ह्यातला खरा खयचा?”

“तीनूय.”

गौरेशने चेष्टा केली नाही. त्याने हात पुढे केला. तिने तो लगेच धरला नाही, पण धरला तेव्हा घरून हाका येईपर्यंत सोडला नाही.