फितीचं दुसरं टोक

गॅडस्बी न बोलता उत्तर देतील, हेच मुळात विचित्र होतं.

हेस्टरने वॉर्डाच्या खिडकीपाशी उभं राहून हाक दिली होती, "मिस्टर गॅडस्बी, धरलंत का टोक?" उत्तरादाखल मोजायच्या फितीला दोन झटके बसले. दोन झटके म्हणजे 'धरलंय, वाच आकडा'. खूण ठरलेलीच होती. पण एडविन गॅडस्बी, या इस्पितळाचे म्हातारे हमाल, तोंड आवरणाऱ्यांतले नव्हते. काल दिवसभर टोक धरताना त्यांनी आपला गुडघा, आपली बायको आणि आपलं मांजर यांची सगळी हकीकत ऐकवली होती. आज नुसते झटके?

हेस्टर पिम चटकन दचकणारी होती. कॉलेजात तिच्या मागे उभं राहून पुस्तक आपटणं हा मुलींचा आवडता खेळ असे. म्हणून तिने मनाला दटावलं आणि आकडा वाचला.

अठ्ठ्याण्णव फूट.

तिने पुन्हा वाचला. आता इस्पितळ झालेल्या कोल्डवेल हॉलची ही पश्चिमेची बाजू बाहेरून ब्याण्णव फूट होती. काल आतून मोजली तेव्हा खोल्या आणि भिंती मिळून सत्त्याऐंशीच भरल्या होत्या. पाच फुटांचा हिशेब लागत नव्हता, तेव्हा तिचे वरिष्ठ मिस्टर क्रॅबट्री पाइप न काढता म्हणाले होते, "साठ-सत्तर वर्षांचं घर आहे, पिम. त्या काळी श्रीमंतांच्या भिंतीही श्रीमंत असायच्या. 'भरीव भिंत' लिही आणि सही कर." मोजणीच्या नोकरीला जेमतेम सहा आठवडे झालेले. तिने सही केली. त्याच नकाशाबरहुकूम उद्या सकाळी गवंडी येऊन कापडांच्या खोलीतलं मागचं हिरवं दार विटांनी बुजवणार होते. नाहीतरी ते दार म्हणजे भिंतीतलं उथळ कपाट, असंच सगळे धरून चालले होते. त्याला ना मूठ होती, ना कडी.

ते पाच फूट रात्रभर तिच्या डोक्यात वळवळले, म्हणून ती आज परत आली होती. आणि आता घर बाहेरच्यापेक्षा आतून सहा फुटांनी मोठं निघालं होतं.

फितीचं खोकं हातात धरून, फीत गुंडाळत ती बोळातून निघाली. दुपारचे तीनच वाजले होते, पण बाहेर धुकं इतकं दाट की वॉर्डातले दिवे लावलेले. फीत वळणावरून कापडांच्या खोलीत शिरली होती. तिथे चादरींच्या चळती होत्या, साबणाचा वास होता. गॅडस्बी नव्हते. फीत मात्र फरशीवरून सरळ जाऊन हिरव्या दाराखालच्या फटीत गेली होती.

"अगं पोरी, तू इथे?" मागून आवाज आला आणि हेस्टर टुणकन उडाली. गॅडस्बी धापा टाकत दारात उभे होते, टोपीवर धुक्याचे थेंब. "माफ कर हं, टोक टाकून पळालो मी. दहा-पंधरा मिनिटं झाली. थ्रपआजी बिछान्यावर नाहीत. मेट्रनने सगळ्यांना शोधायला तळ्याकडे पिटाळलंय."

"कोण थ्रपआजी?"

"खिडकीजवळच्या, सात नंबरच्या. डॉक्टर आले की भिंतीकडे तोंड फिरवतात ना, त्या. नर्सेस हसतात. हसायचं काय त्यात? मुलगी असताना याच घरात कामाला होत्या त्या. तेव्हा रीतच होती, मालक समोरून आले की मोलकरणीने भिंतीकडे वळायचं. तोंड दिसता कामा नये." त्यांनी नाक पुसलं. "अंगावर नुसता रात्रीचा झगा आहे, पोरी. या गारठ्यात तासभरही काढायच्या नाहीत."

हेस्टरने फितीकडे पाहिलं. "टोक तुम्ही कुठे ठेवलंत?"

"इथेच, चादरींवर."

"मग मला झटके कोणी दिले?"

"कसले झटके?"

तिच्या मनात एकदम लख्ख झालं. मोलकरणी दिसू नयेत म्हणून त्यांना भिंतीकडे वळायला लावणारं घर त्यांच्यासाठी वेगळी वाटही बांधून ठेवणार! पाच फूट. म्हातारी आत होती. जुन्या सवयीने गेली असणार, आणि जाताना फीत पायात आली असणार. झटकेही तिनेच दिले.

"मिस्टर गॅडस्बी, स्ट्रेचर आणा. आणि दिवा. त्या तळ्याकडे नाहीत."

"नक्की?"

"मी मोजलंय," हेस्टर म्हणाली. इतकं ठाम ती सहा आठवड्यांत बोलली नव्हती.

ते गेले. तिने दाराला खांदा लावला. दार अजिबात न कुरकुरता आत उघडलं. आतल्या बाजूनेही ते जाड लोकरी बनातीने मढवलेलं होतं. ते परत मिटू नये म्हणून तिने मध्ये बादली सरकवली.

आत दोन जाड भिंतींमध्ये बोळ होता. माणूस सरळ चालला तर दोन्ही खांदे घासतील एवढा. कुजका थंडगार वास, ओल्या राखेसारखा. वर कुठेतरी काचेचं छत असावं, तिथून मळका उजेड झिरपत होता. फीत आत शिरताच उजवीकडे वळली होती. फीत गुंडाळणं हे काम तरी ओळखीचं होतं. फूट, दोन फूट, तीन. ती मोजत पुढे सरकली.

म्हातारी तिथेच होती. अनवाणी, भिंतीकडे तोंड करून, कपाळ गिलाव्याला टेकवून.

"आजी! थ्रपआजी!"

"हळू..." म्हातारी कुजबुजली. "अजून गेल्या नाहीत त्या."

"कोण?"

"मालकीणबाई. त्या गेल्याशिवाय कुणीच वळायचं नाही."

हेस्टरने आपला कोट काढून तिला गुंडाळला. दंड बर्फासारखे लागले. म्हातारी कलंडली आणि सगळा भार हेस्टरच्या खांद्यावर आला. तेव्हा तिला म्हातारीचे हात दिसले. संधिवाताने बोटं मुळ्यांसारखी वळलेली, मुठी छातीशी घट्ट आखडलेल्या. त्यांना चमचाही धरता आला नसता.

आणि फीत म्हातारीच्या पायाजवळून पुढे, अंधारात गेलेली होती.

हेस्टरने भिंतीकडे पाहिलं. म्हातारीचं कपाळ होतं तिथे गिलाव्यावर एक तेलकट काळा डाग होता. त्याच्याशेजारी हातभर अंतरावर दुसरा. मग तिसरा. ओळीने, कमी-जास्त उंचीवर, जिथवर दिसत होतं तिथवर.

"आजी... इथे तुमच्याबरोबर कोणी आहे का?"

"एकटीला कुणी उभं करतं का?" म्हातारी जरा हसल्यासारखी म्हणाली. "नवी दिसतेस."

तिला एकटीने उचलणं शक्य नव्हतं. इथे थंड फरशीवर टाकून जाणंही नाही. हेस्टरने मागे वळून हाक मारली, "मिस्टर गॅडस्बी!" भिंतींनी आवाज गिळला. पलीकडे नोकरांची चाहूल जाऊ नये म्हणून त्या तशाच बांधल्या असणार. तिने पुन्हा हाक मारली. काही नाही. म्हातारीचा श्वास मंद होत होता. फितीचं खोकं हेस्टरच्या मुठीत होतं, फीत फरशीवर सैल पडली होती.

तिने सगळं बळ एकवटलं. "कोणी आहे का? आम्ही इथे आहोत!"

"आलो, आलो!" मागून, दारातून गॅडस्बींचा आवाज आला, पाठोपाठ कंदिलाचा उजेड भिंतीवर हलला. "सापडल्या का गं? शाबास पोरी! दोघीही जागच्या हलू नका!"

हेस्टरने म्हातारीला अधिकच घट्ट धरलं. आणि त्याच क्षणी सैल पडलेली फीत फरशीवरून सावकाश वर उचलली गेली. समोरच्या अंधाराच्या दिशेने ती ताणली गेली.

दोन झटके बसले.