फोन इथून हलणार नाय!

"फोन हलणार नाय!" मंगळीनं दुकानाच्या दारात हात आडवे पसरले.

टेलिफोनचे साहेब पेचकस घेऊन उंबऱ्यातच थबकले. लोधिवलीजवळच्या त्या गावात फोन एकच, येसाजीकाकांच्या दुकानातला. ट्रंककॉल आला की मंगळी, लडकू, धाऊ ही पोरं वरच्या आळीत पळायची आणि माणूस बोलावून आणायची. पण तोवर पलीकडचा कंटाळून फोन ठेवायचा!

"निम्मे कॉल वाया जातात, पोरी. फोन दुसऱ्या गावाला देणार."

"आजचा दिवस द्या! एक जरी कॉल वाया गेला, तर खुशाल न्या!"

साहेब हसले आणि बाकावर बसले. लडकूनं मात्र मंगळीची बाही ओढली. "मंगळे, आज बाजार हाय गं! पेठेत पाय ठेवायला जागा नाय!"

"पेठेतूनच पळा. तीच जवळची वाट!" येसाजीकाकांनी फर्मावलं.

मंगळीचं लक्ष गुळाच्या ढेपेकडे होतं. काकांनी मुंग्यांच्या रांगेत पोतं टाकलं होतं. मुंग्या आधी चहूकडे पांगल्या, पण थोड्याच वेळात सगळी रांग पोत्याच्या जवळच्या कडेनं चालू लागली.

"गुरुजी म्हणाले होते, मुंगी वाटेवर वास सोडते. जवळच्या वाटेनं फेऱ्या जास्त, म्हणून तिथं वास दाट. बाकीच्या तिकडंच वळतात. धाऊ, करंजाची पानं तोड!"

"पानं कशाला?" धाऊ चक्रावला.

"आपल्याला मुंगीचं नाक नाय, म्हणून!"

वरच्या आळीला वाटा तीन: पेठ, हायवे आणि शेताचा बांध. परतणाऱ्यानं आपल्या वाटेच्या तोंडाशी एक ताजं पान टाकायचं. पुढच्यानं ताजी पानं जास्त दिसतील तिकडून पळायचं. सुकलेलं पान मोजायचं नाही!

पोरं तिन्ही वाटांनी फेऱ्या मारू लागली. सकाळी हायवेकडे पानं साचली. तोवर आलेले चारही कॉल लागले! मग ट्रकांची रांग लागली, हायवेची पानं मे महिन्याच्या उन्हात सुकली आणि बांधावर ताजी पडू लागली.

तेवढ्यात फोन खणखणला. नागपूरहून वरच्या आळीतल्या गंगाबाईचा लेक! दोन वर्षांत त्याची चिठ्ठीही नव्हती.

"पेठेतून जा गं!" काका ओरडले.

"पेठेत तुमचाच टेंपो आडवा उभा हाय, काका! नाय जाणार!" मंगळी बांधावरून सुसाट सुटली.

साहेबांनी घड्याळ काढलं. रिसीव्हर हातात धरून लडकू विनवत होता, "ठेवू नका हो, तुमची आई येतेय!"

आणि गंगाबाई आली! मंगळीचा हात धरून, धापा टाकत. "बाळा…" एवढंच बोलली आणि रडायलाच लागली.

साहेबांनी पेचकस पिशवीत टाकला. "येसाजीराव, अक्कल पोरांकडून घ्या. फोन इथंच राहील."

"चुकलो बुवा! पोरगी हुशार हाय," म्हणत काका टेंपो हलवायला धावले.

गंगाबाईनं मंगळीचे धुळीनं माखलेले पाय पदरानं पुसले. "तुझ्या या पायांमुळं माझा लेक बोलला गं!"