त्रेचाळीस पावलं

पहिल्या भेटीतच त्याने तिला चोर ठरवलं होतं. पठारावरच्या एका उघड्या खडकावर ती हातोडीने ठोकत बसली होती, आणि मागून आवाज आला, "डोंगर घरी न्यायचा विचार आहे का?" तिने वळून न बघताच सांगितलं की सगळा नको, एक कपची पुरे. मग वळली. समोर उभा होता तो दर रविवारी हौशी मंडळींना पठार फिरवून आणणारा वाटाड्या. भिजलेली टोपी, हातात काठी, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू.

तेव्हापासून सलग पाच रविवार ती त्याच्या टोळीत होती. वाट त्याची आणि दगडांच्या गोष्टी तिच्या, अशी वाटणी आपोआप ठरून गेली. ही वाळू एकेकाळी नदीच्या तळाशी होती, खडकावरचे हे लांबलचक ओरखडे हिमनदीने सरकताना काढलेत, असं ती सांगायची. लोक खडकाकडे बघायचे, तो तिच्याकडे. टोळीतल्या निवृत्त हेडबाईंच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. त्या खुशाल विचारायच्या की हा खडक किती कोटी वर्षं असा गप्प उभा आहे गं, आणि बघायच्या वाटाड्याकडे.

खरंच, तो काही बोलला नव्हता. तीही नाही. आज तर शेवटचा रविवार. खडकांचे नमुने गोळा करायचं तिचं इथलं काम संपलं होतं, होतं नव्हतं ते सामान सॅकमध्ये भरलेलं होतं, आणि पायथ्याहून संध्याकाळची बस पकडायची होती.

दुपारी धुकं उतरलं. पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसत होती. ओरखड्यांच्या मोठ्या खडकापाशी त्याने आठही जणांना थांबवलं. पुढे दलदल होती. तिच्यातून दोन हात रुंदीची घट्ट जमिनीची पट्टी पलीकडे जायची. बाकी कुठेही पाय पडला की माणूस कमरेपर्यंत आत. मागे फिरावं, तर उघड्या कड्यावरून तीन तासांची चाल, आणि हेडबाई तर आत्ताच थंडीने कुडकुडत होत्या. तो शांतपणे म्हणाला की काळजी करू नका, पांढरी गारगोटी दिसली की तिथून घट्ट जमीन सुरू होते.

गारगोटी तिच्या पाठीवरच्या सॅकमध्ये होती.

मागच्याच रविवारी तिने त्या गारगोटीवर भाषण ठोकलं होतं. असा दगड या पठारावर दुसरा नाही, म्हणजे हा इथला नव्हेच, हिमनदीने दुरून आणून टाकलेला पाहुणा! तो बाजूला उभा राहून हसत होता. तिला वाटलं, कौतुकाने. मग तो हेडबाईंच्या बुटाची नाडी बांधायला वाकला, तेवढ्यात तिने तो तांब्याएवढा दगड गुपचूप सॅकमध्ये सरकवला. नमुना क्रमांक सतरा.

आता तो धुक्यात काठीने चाचपत जात होता आणि परत येत होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत काळा झाला होता, आणि चेहऱ्यावरचं ते हसू कुठेच नव्हतं. बोलायलाच हवं होतं. पण बोललं, की पाच रविवारांत त्या नजरेत जे काही जमलं होतं ते सगळं जाणार, हेही तिला कळत होतं. तरी तिने त्याची बाही धरली.

"थांबा... गारगोटी सापडणार नाही. ती माझ्याकडे आहे."

त्याला क्षणभर काही उमगेना. तिने सॅक उघडून दगड दाखवला, वर चिठ्ठी चिकटवलेला.

"माझ्या वडिलांनी नदीतून खांद्यावर वाहून आणली होती ती," तो अगदी हळू म्हणाला. "खुणेसाठी."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"इतक्या रंगून सांगत होतात... चारचौघांत तुम्हाला खोटं कसं पाडू?"

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता काठी उचलून पुन्हा धुक्याकडे वळला. ते बघून तिला एकदम आपली नमुन्यांची वही आठवली. दगड उचलला, की तो नेमका कुठून उचलला हे तिथल्या तिथे लिहायचं. नाहीतर त्या नमुन्याला काडीची किंमत नाही. ही सवय तिच्या अंगात मुरलेली होती. ओल्या बोटांनी तिने पान शोधलं. खडकाच्या खालच्या टोकापासून, ओरखड्यांच्या सरळ रेषेत, त्रेचाळीस पावलं.

"पावलं माझी आहेत," ती म्हणाली. "म्हणजे पुढे मी."

"आणि चुकलात तर?"

"तर तुम्ही आहात ना मागे..."

त्याने ओरखड्यावर होकायंत्र टेकवून दिशा पक्की केली. काठीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. ती मोजत निघाली, तो मागून जरा डावीकडे, जरा उजवीकडे सांगत राहिला. एकोणचाळिसाव्या पावलाला बूट आत गेला आणि गार पाणी घोट्यावर चढलं. काठी ताणली गेली. त्याने तिला मागे ओढलं नाही, फक्त धरून ठेवलं. चाळीस... एकेचाळीस... त्रेचाळिसाव्याला पायाखाली टणक लागलं. ती वाकली. गवतात गारगोटीच्या बुडाएवढा खळगा होता. तिने गारगोटी त्यात बसवली, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.

एकेक करून सगळे पार झाले. पायथ्याला बस उभीच होती. मंडळी चढली, हेडबाईंनी खिडकी पकडली. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. ती वाकून बुटाची नाडी बांधत होती. बांधत होती... बांधतच होती. शेवटी बस निघून गेली.

"नाडी सुटलेली नव्हती," तो म्हणाला.

"नव्हतीच." ती उठली. "मला जायचंच नाहीये. तुम्ही अजून रागावला असाल, तरीही."

"रागावलोय," तो म्हणाला. "पण तुम्ही जाऊ नये असं पहिल्या दिवसापासून वाटतंय... तेवढं बोलायचं राहिलं होतं."

ओठांच्या कोपऱ्यातलं ते हसू परत आलं होतं. तिने उगाचच विचारलं, "उद्याची बस कितीला असते?"

"उद्या बस नसते."

बस रोज असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण त्याला खोटं पाडायचं तिच्याही जिवावर आलं.