परत त्यातच

वाटणीच्या बैठकीत मधल्या खुर्चीवर बसणाऱ्या मोठ्या माणसांनो, तुम्ही चोर आहात. रात्री घर फोडणारा निदान तोंड तरी झाकतो. तुम्ही चहा पिऊन, घसा खाकरून, सगळ्यांच्या भल्याच्या गप्पा मारत चोरी करता, आणि जिचं नेलं तिच्याकडूनच रिकाम्या कपबशा उचलून घेता!

त्या घरात हेच झालं. बाप जाऊन महिना झाला नव्हता. बापाचं चष्म्याचं दुकान भावाला, दुकानावरचं राहतं घरही भावालाच. आणि कोवळ्या वयापासून मागच्या खोलीत बसून, फिरत्या चाकावर काचा घासून, कोपरापर्यंत पांढरी भुकटी माखून घेऊन जिने ते दुकान चालतं ठेवलं, त्या थोरल्या मुलीला काय मिळालं? कपाटाच्या तळाशी सापडलेले, एका काच-कारखान्याच्या शेअर्सचे पिवळे पडलेले कागद. बाप त्या कारखान्याची काच घ्यायचा, त्या मायेपोटी कधीतरी शेअरही घेऊन बसला होता. तेव्हा ते विकून धड एक कपाट आलं नसतं.

दुकानात माझेही हात झिजलेत, एवढंच ती म्हणाली. मधल्या खुर्चीवरच्या काकांनी समजुतीच्या सुरात विचारलं की, एकट्या बाईला दुकानाचं काय लोणचं घालायचंय? आणि भावाने एक कागद उचलला, छापील शब्दावर बोट ठेवलं.

"ताई, तक्रार कसली करतेस? छापूनच आलंय बघ. समभाग. म्हणजे समान भाग मिळाला की तुला."

आणि तो हसला. काकाही हसले. नवी नवरी वहिनी तेवढी जमिनीकडे बघत राहिली.

ताईने त्याच आठवड्यात घर सोडलं आणि समोरच्या, बापाच्या वैऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची नोकरी धरली. मुद्दाम धरली. तिथल्या खिडकीतून बापाच्या दुकानाची पाटी दिसायची, आणि ती रोज दिसावी हीच तिची इच्छा होती.

वर्षाने कारखान्याचा लाभांश आला. जिन्याखाली टेबल मांडून बसणाऱ्या म्हाताऱ्या शेअर दलालाने तिला सुचवलं की पोरी, निदान एक पंखा घे, खोलीत भाजून निघत असशील. तिने मान हलवली.

"परत त्यातच."

दर वर्षी तेच. लाभांशातून त्याच कारखान्याचे आणखी शेअर, पुढच्या वर्षी त्या नव्या शेअर्सचाही लाभांश, तोही परत त्यातच. पोटाला पगार पुरायचा, त्याच्यावर तिने कधी काही मागितलं नाही. एके वर्षी भाव असा कोसळला की दलालाचा चेहरा पडला, पण ही चक्क हसली. स्वस्त झालेत ना काका, मग ह्या खेपेला जास्त येतील, म्हणाली. दलाल पुढे सगळ्यांना सांगत सुटला की बाजार पडल्यावर हसणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि मला तिची भीती वाटते.

भीती वाटावी असंच होतं ते. कारण ती नुसता पैसा गुंतवत नव्हती. ते हसणं, ते कागदावर टेकलेलं बोट... कधी मन निवलं, चार दिवस बरे गेले की ती खिडकीपाशी जाऊन समोरची पाटी वाचायची आणि निवलेलं मन पुन्हा त्याच आगीत घालायची. परत त्यातच!

मधे एक माणूस आला होता. बॅगेत चष्म्याच्या फ्रेमा घेऊन दुकानोदुकानी फिरणारा, बोलका, तिला "काचबाई" म्हणून चिडवणारा. त्याने एकदा विचारलं की निम्मे शेअर विकून दोघांचं छोटंसं दुकान टाकू या का. पाटीवर आधी तुझं नाव. तिचे हात चाकावर थांबले. क्षणभर तिच्या अंतःकरणात काहीतरी कोमल, अनोळखी हललं... आणि नेमकी तेव्हाच तिची नजर खिडकीबाहेर गेली. समोर भाऊ नवी, दिव्यांची पाटी चढवून घेत होता. ती नाही म्हणाली. पुढच्या वर्षी फ्रेमा घेऊन दुसराच विक्रेता आला.

वर्षं गेली. कारखाना मोटारींच्या काचा करू लागला, पसरला. एका शेअरवर एक शेअर फुकट दिला, काही वर्षांनी पुन्हा दिला. ताईचे केस भुकटीवाचूनच पांढरे झाले. आणि समोरचं दुकान दिव्यांच्या पाटीखाली कर्जात बुडत गेलं, कारण भावाला गिऱ्हाइकाशी गोड बोलता यायचं, पण काच कधी बसवता आली नव्हती. शेवटी दुकान आणि वरचं घर, दोन्ही विकायला निघालं.

वकिलाच्या खोलीत भाऊ आणि वहिनी किल्ल्या घेऊन आले, तेव्हा घेणाऱ्याच्या खुर्चीवर ताई बसली होती.

भाऊ दारातच थबकला. मग त्याचा बांध फुटला. म्हणाला, ताई, तू आमच्यासाठी एवढं... पण वहिनी रडली नाही. ती ताईकडे सरळ बघत म्हणाली,

"ह्यांना कळत नाहीये. तुम्ही आमच्यासाठी नाही जमवलंत, ताई. आमच्यावर डूख धरून जमवलंत."

इतक्या वर्षांत ताईला कुणी इतकं नेमकं ओळखलं नव्हतं. तिच्या मनात आलं, त्या दिवशी खाली बघणारी ही, हिच्या वाट्याला तरी काय आलं? भावाच्या दुकानात ही कोण होती? कपबशा उचलणारीच ना!

तिने वकिलाला कागद पुढे सरकवायला सांगितलं. त्यात तिने आधीच लिहवून ठेवलं होतं, स्वतःशीही कबूल न करता: अर्धं दुकान, अर्धं घर ताईचं. अर्धं वहिनीचं. भावाचं नाव कुठेच नव्हतं.

"आणि मी?" भाऊ पुटपुटला.

"तू मागच्या खोलीत. चाक अजून तिथेच आहे. शिकवीन मी." मग वहिनीकडे वळून ती म्हणाली, "समभाग. ह्या वेळी खराच."

वहिनीने सही केली आणि पेन खाली ठेवलं. ताईने तिचा हात आपल्या खडबडीत हातात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

भाऊ खुर्चीत कोसळला होता. चुकलं माझं, माफ कर, हेच पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याचा चष्मा नाकावर तिरका झाला होता. काच कुणीतरी वाईट बसवली होती. ताईने सवयीने तो काढला, पदराने पुसला, दांडी बोटांनी वाकवून सरळ केली, आणि लहानपणी त्याचं तोंड धुवायची तितक्याच हलक्या हाताने परत त्याच्या डोळ्यांवर चढवला.

"माफी नकोय मला. माफीला मी काय करू? खोलीत पंखा घेतला नाही, दारात आलेला माणूस परत पाठवला, ते माफीसाठी नाही." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "आता नीट दिसतंय ना? मग माझ्याकडे बघ आणि सांग. त्या दिवशी तू हसलास कशाला?"