चाकं बाहेर

आकाशने हिरवं बटण दाबलं, आणि यंत्राने ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात असा सूर मारला, जणू खाली तलावच आहे. टूल तुटलं. ठोकळ्यावर शेत नांगरल्यासारखी चर पडली.

कॉलेजच्या रोबोटिक्स टीममध्ये आकाश दोन वर्षं स्क्रू पुसत होता. संगणकाच्या हुकमावर धातू कोरणाऱ्या या सीएनसी मिलिंग मशीनकडे तो मिठाईच्या दुकानाबाहेर उभं राहिल्यासारखा बघायचा. आज पहिल्यांदा बटण त्याच्या वाट्याला आलं होतं.

“काय दाबलंस?” कॅप्टन सई किंचाळली.

“हिरवं.”

“फक्त हिरवं?”

“लालपण दाबलं. पण नंतर.”

“शनिवारी ठोकळा मी बसवला, झिरो मी लावला! तुला फक्त बटण दाबायचं होतं. लिफ्टमध्येसुद्धा याहून जास्त डोकं लागतं, आकाश!”

झिरो म्हणजे यंत्राला दिलेली खूण: वस्तूचा माथा इथे आहे, इथून मोज. एरवी यंत्र ठार आंधळं.

स्पर्धा परवावर आली होती, त्या ठोकळ्यातून कापायचं रोबोटचं मनगट गेलं होतं आणि दुसरा ठोकळाही नव्हता. “संध्याकाळपर्यंत चूक तुझी नाही हे सिद्ध कर,” सई म्हणाली, “नाहीतर टीममधून बाहेर.”

आकाश थेट कॅन्टीनच्या शेवटच्या टेबलावर गेला. तिथे संघमित्राची खासगी गुप्तहेर संस्था होती. कॅन्टीनचं हरवलेलं मांजर तिने लायब्ररीच्या संदर्भ विभागात शोधून काढलं होतं, तेव्हापासून तिच्याकडे लोक आदराने बघत.

“तू दाबलंस ते हिरवंच होतं ना?” तिने विचारलं.

“आता मलाच शंका यायला लागलीय.”

वर्कशॉपमध्ये संघमित्राने ठोकळ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ठोकळा आवळून धरणाऱ्या लोखंडी व्हाइसवर तिने यंत्र गार ठेवणारं कूलंटचं पांढरट पाणी ओतलं. पाणी पसरलं नाही. त्याचे मणी झाले आणि घरंगळले.

पुढे सरकताना आकाशचा पाय सटकला.

“तेल असेल,” तो जमिनीवरून म्हणाला.

“असेल. आणि हा ट्रे?”

सकाळच्या अपघाताचा चुरा बाजूला केल्यावर खालचा ट्रे लख्ख होता.

“सीतारामकाकांनी झाडला असेल.”

“रविवारी? बरं, मग झाडलेलं गेलं कुठे?” तिने कचऱ्याचा डबा उपडा केला. त्यातून वेफर्सचं एक पाकीट पडलं, आणि तेही जुनं.

वर्कशॉप सांभाळणारे सीतारामकाका मागच्या खोलीत चहा पीत होते.

“काल दार उघडून दिलंय आणि जेवूक गेलंय. पोरां येतत-जातत,” ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, “पण एक चमत्कार झालो, गो. आज माझ्या कोऱ्या चायेर साय इली.”

“दूध न घालता?”

“थेंबभर नाय!”

संघमित्राने पातेल्याच्या कडेवरून नख फिरवलं आणि नाकाशी धरलं.

सई फोनवर होती. संघमित्राने कालचं विचारलं तसा तिने फोन बाजूला धरला. “काल? घरी सामानाची यादी करत होते. जानेवारीत अमेरिका. आईने गेल्या वर्षी वांद्र्याला मोतमाऊलीच्या जत्रेत नवसाचं मेणाचं विमान वाहिलं होतं, म्हणून व्हिसा आला म्हणे. माझे मार्क गेले तेल लावत.”

“स्टॉलवर घेतलं?”

“मग काय! घर, पाळणा, विमान, तिथे सगळं तयार मिळतं. गेल्या आठवड्यापासून पुन्हा जत्रा सुरू झालीय, आता तिला कृतज्ञतेचं विमान हवंय.”

टीममधला वेन मागच्या अंगणात सापडला. रोबोटच्या भागांची सगळी चित्रं तोच काढायचा आणि यंत्रावर कापायचाही. प्रश्न विचारणार तोच डोक्यावरून विमान गेलं. विमानतळाला लागून असलेल्या मरोळमध्ये विमान जाईपर्यंत माणसं वाक्य तोंडात धरून ठेवतात, वर कुणी बघत नाही. वेनने बघितलं.

“उतरतंय,” तो म्हणाला. “चाकं बाहेर आलीत. मला आवाजावरूनच कळतं.”

“काल कुठे होतास?”

“इथेच, गावठाणात. रविवारी ममाचा फोन असतो, कुवेतहून.”

“नाताळला येणार?”

वेन रिकाम्या आभाळाकडे बघत राहिला. “विमानं तर रोज उतरतात.”

संध्याकाळी संघमित्राने सगळ्यांना यंत्राभोवती उभं केलं. खुर्च्या नव्हत्या, म्हणून काका टायरवर बसले.

“आकाशने हिरवंच दाबलं होतं,” तिने सुरुवात केली. आकाशने सुस्कारा सोडला. “पण काल कुणीतरी ठोकळा काढला, त्याहून बुटकी वस्तू बसवली आणि तिच्या माथ्यावर झिरो लावला. मग ठोकळा परत ठेवला, पण झिरो मात्र खालीच राहिला. यंत्राला वाटलं वर हवा आहे. तिथे होता ठोकळा.”

“कसली वस्तू?” सईने विचारलं.

“व्हाइसवर पाणी ठरत नाही, जमीन गुळगुळीत, आणि कोऱ्या चहावर साय. मेण. काकांच्या पातेल्यात वितळवून त्याची वडी पाडली.”

काका उठले. “म्हणजे मी मेण प्यालंय?”

“किती कप?”

“दोन.” काकांनी विचार केला. “चव बरी होती.”

“आता तो चुरा. विद्यार्थी झाडू मारत नाहीत. इथे मात्र कुणीतरी मारला, आणि चुरा घरी नेला. कचऱ्यात टाकवत नाही असं मेण कुठलं? नवसाचं. पण स्टॉलवर तयार मिळतं ते कुणी यंत्रावर कापेल का? म्हणजे या माणसाला हवं होतं ते तिथे नव्हतं. तिथली विमानं जाणाऱ्यांसाठी असतात. परत येणाऱ्यांसाठी…”

वेनने बॅगेतून डबा काढला. त्यात रुमालात गुंडाळलेलं, तळहाताएवढं मेणाचं विमान होतं. पोटाखाली तीन बारीक पायांवर चाकं.

“स्टॉलवरच्याला चाकंच नसतात,” तो हळू म्हणाला. “उतरणार कसं?”

कुणी हसलं नाही.

“कापून झालं आणि फोन वाजला. ममा म्हणाली, यंदाही जमत नाही. मग ठोकळा बसवला, झाडलं… झिरो राहिला. सकाळी सांगायला आलो होतो, पण तू ओरडत होतीस. मग विमानाचं सांगावं लागलं असतं. सॉरी, आकाश.”

सईने विमान उचललं. चाकांवरून बोट फिरवलं.

“ठोकळ्याची खालची बाजू शाबूत आहे,” ती म्हणाली. “मनगट बारीक करता येईल?”

“येईल.”

“मग कर. आणि झिरो आकाश लावेल. तू शिकव त्याला.”

आकाशने सवयीने एक स्क्रू पुसला.

वेनने उलटा केलेला ठोकळा आवळला, त्यावर कागदाची पट्टी ठेवली आणि टूल हळूहळू खाली आणलं. “पट्टी सरकवत राहा. अडकली की तिथे झिरो.”

तेवढ्यात वरून विमान गेलं. वेनचा हात टूल खाली आणणाऱ्या यंत्राच्या चाकावर होता. त्याला मान वर करता येईना.

“चाकं?” त्याने विचारलं.

आकाशने खिडकीतून बघितलं. विमान वर चढत होतं. चाकं केव्हाच पोटात गेली होती.

“बाहेर आहेत,” आकाश म्हणाला.

वेनला आवाजावरूनच कळतं.

“बरं,” तो म्हणाला. “पट्टी सरकव.”